ऑर्डर सरकारची, जोखीम गाळेवाल्याची

१ ऑक्टोबर २०२१. वार शुक्रवार. त्या दिवसापासून देशातल्या ४१ आयुध निर्माणींचे बोर्ड बरखास्त झाले आणि अंबरनाथमधले दोन सरकारी कारखाने दोन वेगवेगळ्या घरांत गेले. ऑर्डनन्स फॅक्टरी नागपूरच्या यंत्र इंडिया या नव्या कंपनीकडे गेली, तर तिच्या शेजारची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी चेन्नईजवळच्या आवडीला मुख्यालय असलेल्या आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. कामगार संघटनांनी संपाची भाषा केली होती. सरकारने त्याआधीच संरक्षण उत्पादनातल्या संपावर बंदी घालणारा कायदा करून टाकला होता. पिढ्यान् पिढ्या 'ऑर्डनन्समध्ये लागला' एवढ्या दोन शब्दांवर ज्या भागात लग्ने जमत आली, तिथे नोकरीचे मालकच बदलले.

त्याच सकाळी मुंबईच्या शेअर बाजारात पारस डिफेन्स अँड स्पेस टेक्नॉलॉजीज या कंपनीचा शेअर पहिल्यांदा व्यवहाराला आला. कंपनी नेरूळची आणि तिचा एक कारखाना अंबरनाथचाच. १७५ रुपयांना विकलेला शेअर ४७५ रुपयांना उघडला. कंपनीने मागितले होते सुमारे १७१ कोटी रुपये आणि अर्ज आले तीनशेचार पट. पाणबुडीच्या पेरिस्कोपसाठी, रणगाड्याच्या दूरदर्शी यंत्रणेसाठी, उपग्रहांच्या कॅमेऱ्यांसाठी लागणारी काचभिंगे आणि आरसे ही कंपनी घडवते. अर्ज भरणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक होते, हा प्रश्न विचारू नये. ठाण्याच्या खोपट, नौपाड्यापासून डोंबिवलीपर्यंत त्या आठवड्यात चर्चा होती ती 'लागला का?' एवढीच.

एकाच दिवशी एकाच जिल्ह्यात सरकारी शस्त्रनिर्मितीची जुनी चौकट मोडली आणि खासगी शस्त्रनिर्मितीवर पैशांचा पाऊस पडला. योगायोग होता, पण इतका बोलका योगायोग सहसा घडत नाही. त्यानंतरच्या काळात 'डिफेन्स' हा शब्द बाजारात लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच्या सोन्यासारखा घेतला जाऊ लागला. या कंपन्यांचा धंदा मात्र बाजाराला वाटतो तसा चालत नाही. तो कसा चालतो हे पाहायला ठाणे जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही.

महापेच्या औद्योगिक वसाहतीतली आयडियाफोर्ज हे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या अंकित मेहता, राहुल सिंग, आशिष भट या तरुणांनी २००७ मध्ये ही कंपनी काढली. 'थ्री इडियट्स'मध्ये खिडकीबाहेर घिरट्या घालणारे ते छोटे यंत्र आठवत असेल, तर त्यामागे हीच मंडळी होती. २०२० साली गलवानच्या खोऱ्यात चकमक झाली, लष्कराला उंच डोंगरांवर टेहळणी करणारे ड्रोन तातडीने हवे झाले आणि २०२१ च्या जानेवारीत आयडियाफोर्जला 'स्विच' या ड्रोनची सुमारे दोन कोटी डॉलरची ऑर्डर मिळाली. २०२०-२१ मध्ये कंपनीची उलाढाल होती जेमतेम ३५ कोटी. पुढच्याच वर्षी ती १५९ कोटींवर गेली. मग १८६, मग ३१४. २०२३ च्या जुलैत शेअर बाजारात आला तेव्हा ६७२ चा शेअर १,३०० रुपयांना उघडला.

आणि २०२४-२५? उलाढाल १६१ कोटी. म्हणजे निम्मी. ४५ कोटींच्या नफ्याच्या जागी ६२ कोटींचा तोटा. कंपनीचे इंजिनीअर वर्षभरात अडाणी झाले नाहीत, ड्रोनही उडायचे थांबले नाहीत. ऑर्डर पुढे ढकलल्या गेल्या, बस. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये शेअर विक्रीच्या किमतीच्या जवळपास निम्म्यावर होता. मे महिन्यात 'ऑपरेशन सिंदूर' झाले, संरक्षण मंत्रालयाने तातडीच्या खरेदीची दारे उघडली आणि तोच शेअर पुन्हा उसळला. कंपनीच्या ताळेबंदावर तिच्या प्रयोगशाळेपेक्षा सीमेवरच्या बातमीचा परिणाम जास्त होत असेल, तर तिला भांडवल पुरवणारा माणूस नेमका कशात पैसे घालतो आहे?

या धंद्याचे सगळे दुखणे गिऱ्हाईक एकच असण्यात आहे. बिस्किटांचा कारखाना एका घाऊक व्यापाऱ्याशी बिनसले तर दुसऱ्याकडे जातो. तोफेचा, टॉर्पेडोचा, टेहळणी ड्रोनचा पहिला खरेदीदार मात्र स्वतःच्या देशाचे सरकार; ते घेत नसेल तर परदेशी सरकारही सहसा घेत नाही. 'तुमच्याच लष्कराने घेतले नाही, आम्ही कशाला घ्यावे?' हा निर्यातीच्या दारातला पहिला सवाल असतो. त्यात खरेदीची पद्धत अशी, की कंपनीने स्वतःच्या खर्चाने माल लडाखच्या थंडीत आणि राजस्थानच्या वाळूत नेऊन दाखवायचा, चाचण्यांत महिने घालवायचे आणि तरीही खरेदीचे कसलेही वचन नाही. या चाचण्यांचे नावच 'नो कॉस्ट, नो कमिटमेंट' असे आहे. कॉस्ट सरकारला नाही, असे त्यात वाचायचे असते. शेवटी सगळे पार पडले तर सर्वांत कमी भाववाला, म्हणजे 'एलवन', बाजी मारतो.

अंबरनाथमध्येच एक आणखी मोठी गोष्ट अशीच संथ चालीने घडते आहे. तिथे डीआरडीओची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा आहे. डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीला बॅटरी चार्ज करायला अधूनमधून पृष्ठभागाजवळ यावे लागते आणि नेमकी तेव्हाच ती शत्रूला सापडते. हवेशिवाय वीज तयार करता आली तर ती कितीतरी जास्त दिवस खोल पाण्यात राहू शकते. त्यासाठी या प्रयोगशाळेने फॉस्फोरिक ॲसिडवर आधारित इंधनघट विकसित केला. लागणारा हायड्रोजन पाणबुडीतच तयार होतो आणि उरते ते पाणी समुद्रात सोडता येते. उत्पादनासाठी लार्सन अँड टुब्रो आणि पुण्याची थरमॅक्स या खासगी कंपन्या सोबत घेतल्या गेल्या. जमिनीवरच्या नमुन्याची कसोटी मार्च २०२१ मध्ये पार पडली. ही यंत्रणा पाणबुडीत बसवण्याचा सुमारे १,९९० कोटींचा करार माझगाव डॉकशी झाला तो ३० डिसेंबर २०२४ ला. मधली पावणेचार वर्षे मोठ्या कंपनीला सोसतात. तिला व्हॉल्व्ह, फ्लँज, ब्रॅकेट करून देणाऱ्या छोट्या कारखानदाराला तेवढी वाट पाहता येत नाही.

देशपातळीवरचे आकडे छान दिसतात आणि ते खोटे नाहीत. २००१ पर्यंत खासगी कंपन्यांना हे क्षेत्र जवळपास बंदच होते. २०२४-२५ मध्ये संरक्षण उत्पादन १ लाख ५० हजार ५९० कोटी रुपयांवर गेले आणि त्यात खासगी कंपन्यांचा वाटा २३ टक्के होता. निर्यात २३,६२२ कोटींची. त्यातले १५ हजार कोटींहून अधिक खासगी कंपन्यांचे. महाराष्ट्राचा हात यात भक्कम आहे. पुण्याच्या भारत फोर्जकडे 'अटॅग्ज' या ओढून नेता येणाऱ्या तोफांच्या ३०७ च्या ऑर्डरमधला मोठा हिस्सा आला. नागपूरच्या सोलर समूहाने 'नागास्त्र' हे घिरट्या घालून लक्ष्यावर झेपावणारे अस्त्र लष्कराला दिले आणि पिनाका रॉकेट्सची हजारो कोटींची ऑर्डर मिळवली. त्याच समूहाच्या बाजारगावच्या कारखान्यात डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या स्फोटात नऊ कामगार गेले, हेही याच पानावर लिहिले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या सरकारी आयुध निर्माणीतही आठ जण गेले. दारूगोळ्याला मालक खासगी की सरकारी हे कळत नाही.

आता खोपटच्या एसटी डेपोपासून रिक्षाने वागळे इस्टेट गाठावी. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीने इथूनच सुरुवात केली. एकेकाळी इथल्या प्रत्येक गल्लीत लेथ गरगरत असे. आज काचेच्या इमारतींमध्ये कॉल सेंटरे आणि बँकांची कार्यालये आहेत. अजून तग धरून असलेल्या गाळ्यांत सीएनसी आणि व्हीएमसी यंत्रांवर काही मायक्रॉनच्या अचूकतेने धातूचे तुकडे कातले जातात. डोंबिवली आणि अंबरनाथच्या एमआयडीसीतही हेच जॉबवर्क चालते. असा तुकडा तिसऱ्या-चौथ्या हाताने कुठल्या तरी क्षेपणास्त्रात किंवा युद्धनौकेत जाऊन बसतो आणि करणाऱ्याला बहुतेक वेळा त्याचे अंतिम ठिकाणही माहीत नसते.

संरक्षण क्षेत्रातल्या 'खासगी गुंतवणुकी'ची मोजदाद होते तेव्हा शेअर विक्री, परदेशी निधी, व्हेंचर कॅपिटल मोजले जाते. गाळेवाल्याने घर तारण ठेवून घेतलेले व्हीएमसी कोणी मोजत नाही. ते खरे तर सर्वांत धाडसी भांडवल आहे, कारण त्याला बाहेर पडायची वाट नाही. फंडवाला शेअर विकून मोकळा होतो, पण जुने यंत्र विकायला काढले तर भंगारवाला वजनावर भाव करतो. कायदा सांगतो की लघुउद्योजकाचे पैसे ४५ दिवसांत दिलेच पाहिजेत. २००६ पासून सांगतो आहे. व्यवहारात मोठ्या कंपनीला सरकारकडून बिल मिळेपर्यंत छोट्याचे पेमेंट लोंबकळते. पुढची ऑर्डर हवी असल्याने तो तक्रार करत नाही. मधल्या काळात कॅश क्रेडिटवरचे व्याज तोच भरतो. म्हणजे देशाच्या संरक्षण खर्चाला बिनव्याजी उधारी वागळे इस्टेटमधला फिटर-मालक देतो, आणि हे कुठल्याही अर्थसंकल्पात दिसत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सरकारने खासगी कंपन्यांना ऑर्डरची हमी का द्यावी? पैसा करदात्याचा आहे, माल खराब निघाला तर जीव सैनिकाचा जातो. २०२५ च्या फेब्रुवारीत चिनी सुटे भाग वापरल्याच्या कारणावरून चारशे ड्रोनची कंत्राटे रद्द झाली, ते योग्यच झाले. 'स्वदेशी'चे लेबल चिकटवून बाहेरचा माल खपवणाऱ्यांना हमी देणे मूर्खपणा ठरेल. मागणी आहे ती अंदाज बांधता येण्याची. पाच वर्षांत साधारण किती ड्रोन लागणार, कोणत्या उंचीवर उडणारे, कोणत्या वर्षी, एवढे वेळापत्रक सरकारने जाहीर करून पाळले तर बँकही कर्ज देईल आणि गुंतवणूकदारही युद्धाच्या बातमीची वाट पाहणार नाही.

काही सुधारणा त्या दिशेने झाल्या आहेत. २०१८ च्या आयडेक्स योजनेत नवउद्योगांना दीड कोटीपर्यंत अनुदान मिळू लागले. पुढे 'अदिती' योजनेत ती मर्यादा २५ कोटींपर्यंत गेली. १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या खरेदी नियमावलीत विकसित केलेल्या मालाला पाच वर्षांपर्यंत ऑर्डरची खात्री देण्याची सोय आहे आणि उशिराच्या दंडाची धार बोथट केली आहे. मात्र ही नियमावली महसुली खरेदीसाठी आहे. तोफा, ड्रोन यांसारखी मोठी भांडवली खरेदी वेगळ्या वाटेने जाते आणि ती वाट अजून खडकाळच आहे. संशोधनासाठी केंद्राने एक लाख कोटींचा निधी मंजूर केला आहे. अनुदानातून नमुना तयार होतो, कारखाना मात्र दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या ऑर्डरवर उभा राहतो. नमुन्यांचे प्रदर्शन भरवून छायाचित्रे काढण्यात आपण बरेच पुढे गेलो आहोत.

भांडवलाची हावही नोंदवायला हवी. पारस डिफेन्सने २०२५ मध्ये राज्य सरकारशी नवी मुंबईत १२ हजार कोटींचे 'ऑप्टिक्स पार्क' उभारण्याचा सामंजस्य करार केला. कंपनीची त्या वर्षीची उलाढाल होती सुमारे साडेतीनशे कोटी. स्वप्न मोठे असायला हरकत नाही, आणि काचभिंगांत देशाला स्वावलंबन हवेच आहे. पण उलाढालीच्या तीसपटीहून मोठ्या आकड्याच्या बातमीवर शेअर घेणाऱ्याने आधी ऑर्डर बुक वाचावे, येणी किती महिने थकली आहेत ते पाहावे. ताळेबंदात ते छापलेले असते, फक्त शेवटच्या पानांत असते.

राहिला जागेचा प्रश्न, आणि तो ठाण्याला सर्वांत जास्त बोचायला हवा. पोखरण रस्त्यावरची रेमंडची गिरणी १९२५ ची. ती बंद पडली आणि तिच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. कापडाचा आणि घरबांधणीचा धंदा वेगळा काढल्यावर आज मूळ रेमंड लिमिटेडकडे मुख्यतः अभियांत्रिकी उरली आहे. विमानांचे आणि संरक्षण सामग्रीचे अचूक सुटे भाग बनवणारी मैनी प्रिसिजन ही कंपनी तिने २०२३ मध्ये ६८२ कोटींना ५९ टक्के हिस्सा घेऊन ताब्यात आणण्याचे ठरवले. मैनी बेंगळुरूची. म्हणजे ठाण्याची सर्वांत ओळखीची कंपनी विमानाचे सुटे भाग बनवू लागली ती कर्नाटकात, आणि ठाण्यात तिच्यापासून वेगळा काढलेला धंदा विकतो ते टू बीएचके. कंपनीचा यात दोष नाही. चौरस फुटाचा हा भाव मोजून इथे लेथ लावणारा माणूस हिशेबात कच्चाच म्हणावा लागेल.

२०१८ मध्ये केंद्राने दोन संरक्षण कॉरिडॉर जाहीर केले, उत्तर प्रदेशाला आणि तमिळनाडूला. महाराष्ट्र यादीत नव्हता. त्यावर रडत बसण्यापेक्षा ठाणे जिल्ह्यासाठी दोन मागण्या नेटाने लावून धरता येतील. वागळे, डोंबिवली आणि अंबरनाथमध्ये एमआयडीसीने बहुमजली गाळे भाड्याने, फक्त उत्पादनासाठी, वापर न बदलण्याच्या अटीवर द्यावेत. आणि चाचणीची सोय जवळ आणावी: कंपन, तापमान, खारट हवा, विद्युतचुंबकीय अडथळे यांच्या चाचण्यांसाठी केंद्राने २०२० मध्ये ४०० कोटींची योजना आणली, तिच्यात ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवले. अंबरनाथमध्ये प्रयोगशाळा आहे, दोन सरकारी कारखाने आहेत, त्यांच्याकडे जागाही आहे. कल्याणचा कारखानदार आज टेम्पोत नमुने भरून पुण्याच्या वाटेला लागतो. त्याची चाचणी अंबरनाथमध्येच झाली तर महिन्याभराचे व्याज वाचेल.