इथेच तर जायचंय!

दर जानेवारीत शाळेत रस्ता सुरक्षा सप्ताह येतो. फळ्यावर घोषवाक्यं, निबंध स्पर्धा, चित्रं, प्रभातफेरी असं सगळं होतं. मीही दरवर्षी हौसेने करून घेतो. एका वर्षी तास संपता संपता सातवीतल्या एका मुलीने हात वर केला.

"सर, तुम्ही रोज हेल्मेट घालून येता. मग मागे तुमची मुलगी बसते, तिला का नाही घालत?"

वर्ग हसला, मीही हसलो. "अगं, ती इथेच तर उतरते, दोन मिनिटांचा रस्ता," असं म्हणून वेळ मारून नेली. घरी गेल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, आणि कायदा म्हणतो की चार वर्षांवरच्या प्रत्येकाने दुचाकीवर हेल्मेट घातलंच पाहिजे, चालवणाऱ्यानेही आणि मागे बसणाऱ्यानेही. म्हणजे मी डोकं वाचवत होतो ते फक्त माझं.

आज लिहायचंय ते याच "इथेच तर जायचंय" या वाक्याबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या भागात खड्ड्यांपेक्षाही हे वाक्य जास्त घातक आहे.

पालघर-बोईसर रस्त्यावर मी बरीच वर्षं मोटारसायकल चालवतोय. मध्ये आपलं उमरोळी. अंतर म्हणाल तर काहीच नाही, पण सकाळचा हा रस्ता डोळ्यांसमोर आणा. तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्या बाइक, कंपन्यांच्या बस, केमिकलचे टँकर, रिक्षा, लोकल पकडायला स्टेशनकडे पळणारी माणसं, भाजीची टोपली डोक्यावर घेतलेल्या बायका, दप्तर पाठीला लावून सायकलवर निघालेली पोरं. सगळ्यांना एकाच वेळी, एकाच डांबरी पट्ट्यावरून जायचं असतं. आणि हायवेवर गेल्यावर जो माणूस आपसूक सावध होतो, तोच या रस्त्यावर एका हाताने फोन कानाला लावून चालवतो. का? तर हा "आपला" रस्ता!

दोन चाकांवरून रस्ता वेगळाच दिसतो बरं का. कारमधल्या माणसाला जो नुसता धक्का लागतो, त्यात आपण पडतो. कडेला साचलेली रेती, डांबर आणि साइडपट्टी यांच्यातली चार बोटांची पायरी, ओले झालेले पांढरे पट्टे, पाण्याने भरल्यामुळे खोली न कळणारा खड्डा, शेजारून टँकर गेला की अंगावर येणारा वाऱ्याचा झोत. पहिल्या पावसात तर रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून साबण सांडल्यासारखं होतं. आपल्याभोवती पत्रा नाही, पट्टा नाही, फुगणारी पिशवी नाही. आपलं शरीर हाच आपला बंपर.

आकडेही हेच सांगतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्ता अपघातात गेली. त्यातली शंभरातली सुमारे ४४ दुचाकीवरची होती. हेल्मेट नसताना गेलेले ५०,०२९, आणि त्यातले १४ हजारांहून जास्त मागे बसलेले होते. मागे बसलेले म्हणजे कोण? कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची मुलगी.

मागे बसणाऱ्याला काही होत नाही, हा समज फक्त दुचाकीवाल्यांचाच नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला आपल्याच जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी आणि मजबूत होती. पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले. मागचे दोघे गेले, आणि त्यांनी सीटबेल्ट लावला नव्हता असं तपासात समोर आलं. एवढी मोठी गाडी जे करू शकली नाही, ते आपल्या स्प्लेंडरची मागची सीट करेल का?

आता थोडं गणित करू. ताशी ४० च्या वेगाने आपण सेकंदाला ११ मीटर पुढे जातो, ६० ला जवळजवळ १७ मीटर. समोर कुत्रं आलं, ते डोळ्यांनी पाहिलं, मेंदूला कळलं, हात-पाय ब्रेकवर गेले, यात साधारण एक सेकंद जातो. त्यानंतर ब्रेक लागतो. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ४० ला थांबायला आणखी दहा मीटर लागतात, ६० ला सुमारे तेवीस. म्हणजे एकूण २१ मीटर आणि ४० मीटर. वेग दीडपट झाला, पण थांबायचं अंतर जवळजवळ दुप्पट! रस्ता ओला असेल तर त्याहून जास्त. आणि इतकं करून वेळ किती वाचला? उमरोळी ते बोईसर सहा-सात किलोमीटर धरा. ४० ऐवजी ६० ने गेलात तर तीनेक मिनिटं, तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. तेवढी मिनिटं आपण पुढे चहाच्या टपरीवर घालवतो.

आता चारचाकीवाल्यांना आणि मोठ्या गाड्यांच्या चालकांना हात जोडून सांगतो. रात्री समोरून बाइक दिसली की अप्परचा डिप्पर करा. तुमच्या लाइटने आम्हाला दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही, आणि तेवढ्यात आम्ही तीस मीटर आंधळे जातो. दार उघडण्याआधी आरशात बघा. ओव्हरटेक करताना आम्हाला कडेच्या रेतीत ढकलू नका. आम्ही रस्त्याच्या मधून चालतो ते नेहमीच मस्ती म्हणून नाही, कडेला खड्डा असतो म्हणूनही.

पण खरं सांगू? आपणही साधे नाही. आपण डावीकडून घुसतो. टँकर डावीकडे वळताना आधी थोडा उजवीकडे जातो, आपल्याला वाटतं जागा मिळाली, आणि त्याची मागची चाकं आत कापत येतात. साधी खूण लक्षात ठेवा. टँकरच्या आरशात तुम्हाला चालकाचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. आपण हेल्मेट आरशाला अडकवतो आणि पोलीस दिसला की डोक्यावर ठेवतो, पट्टा न लावता. पट्टा नसलेलं हेल्मेट तुमच्या आधी रस्त्यावर पोचतं. ट्रिपल सीट, उलट्या बाजूने येणं, इंडिकेटर चालूच ठेवून पुढे जाणं, ही यादी तुम्हीच पूर्ण करा.

"उकडतं", "ऐकू येत नाही", "केस जातात" ही कारणं मी हजारदा ऐकली आहेत. उकडतं हे अगदी खरं आहे. मे महिन्यात मलाही उकडतं. पण डोक्याला मार लागला की घराचं काय होतं, हे ज्या घराने पाहिलंय ते उकाड्याची तक्रार करत नाही.

पालकांनो, एक गोष्ट शिक्षक म्हणून. नववी-दहावीतला मुलगा गाडी "मस्त चालवतो" याचं कौतुक बंद करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. पण कायदा सोडा. वर्गातला एक बाक रिकामा झाला की हजेरी घेताना ते नाव येतं, आणि कसं ओलांडायचं ते कळत नाही. ते कोणत्याही शिक्षकावर येऊ नये.

आणि कुठे अपघात दिसलाच तर व्हिडिओ काढत उभे राहू नका. १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तशा मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं आणि आता ते कायद्यातही आलंय. पहिला तास फार मोलाचा असतो.

रस्ते नीट व्हायला हवेत, दिवे हवेत, साइडपट्ट्या भरायला हव्यात, हे सगळं मागत राहायचंच. ग्रामसभेत मागा, लेखी मागा. पण ते होईपर्यंत रोज सकाळी घराबाहेर तर पडायचंच आहे ना?

त्या मुलीच्या प्रश्नानंतर पुढच्या रविवारी मी बोईसरला जाऊन आयएसआय मार्कचं छोटं हेल्मेट आणलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मुलीला उतरवलं तेव्हा ती सातवीतली पोरगी तिथेच उभी होती. काही बोलली नाही, नुसती हसली.

आज संध्याकाळी तुमच्या घरी एकदा मोजा. गाडीवर रोज बसणारी डोकी किती, आणि हेल्मेटं किती?