मीठ चवीनुसार

आईची पाककृतींची वही उघडून बघा. रवा एक वाटी, पाणी अडीच वाट्या, आणि शेवटी हमखास 'मीठ चवीनुसार'. आता हे चवीनुसार म्हणजे किती? वही सांगत नाही. कुणाच्या आजोबांना रक्तदाब असतो, कुणाकडे चवीला चढच लागते. म्हणून तेवढी जागा मोकळी ठेवायची; ती ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघरात भरायची.

संगणकाचे शहाणे प्रोग्रामही असेच लिहितात. समजा, तुम्ही शाळेच्या ग्रंथालयासाठी वेबसाइट बनवताय. कोणते पुस्तक कुणाकडे आहे, परत कधी येणार, वगैरे. घरच्या संगणकावर चाचणीपुरती दहा खोटी पुस्तके आहेत. शाळेच्या संगणकावर मात्र खरी नोंदवही, म्हणजे डेटाबेस, आणि त्यात सगळ्या मुलांची नावे. प्रोग्राम तोच, पण नोंदवहीचा पत्ता वेगळा, पासवर्ड वेगळा. हा पत्ता प्रोग्राममध्येच लिहून टाकला आणि घरी गंमत म्हणून 'सगळे पुसा' हे बटण दाबले तर? पत्ता शाळेचा राहिला असेल, तर खरी नोंदवही कोरी!

म्हणून प्रोग्राममध्ये फक्त नाव लिहायचे, 'डेटाबेसचा पत्ता'. त्याची किंमत प्रोग्रामने सुरू होताना भोवतालातून उचलायची. याला म्हणतात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. बीजगणितातला 'क्ष' आठवतोय ना? तसाच हा चल, फक्त भोवतालात राहणारा. (परिसर अभ्यासातल्या पर्यावरणाशी त्याचे काही नाते नाही बरं का!) कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जने 1979 साली आणलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ती आली, आणि आजही तशीच चालते.

चालते कशी? एक प्रोग्राम दुसऱ्याला सुरू करतो, तेव्हा या नावा-किमतींच्या यादीची एक प्रत त्याच्या हाती देतो. शाळेत निघताना आई डबा देते ना, तसेच. पण ही प्रत असते हं! तुम्ही वर्गात डब्यात काहीही कालवा, घरच्या पातेल्यातली भाजी बदलत नाही. आणि डबा दिल्यावर आईने पातेल्यात मीठ टाकले, तर ते तुमच्या डब्यात येत नाही. त्यामुळे किंमत बदलली, की प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे भलीभली माणसे तासन्‌तास डोके खाजवत बसतात.

आता पासवर्डची गोष्ट. 2016 साली चोरट्यांनी उबर या टॅक्सी कंपनीच्या प्रोग्रामरांचे गिटहबवरचे कपाट उघडले. कपाट खासगी होते, तरीही. आतल्या प्रोग्रामच्या ओळींमध्ये त्यांना कंपनीच्या साठवणीची किल्ली मिळाली, आणि 5 कोटी 70 लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. जगाला हे कळले 2017 मध्ये.

'मग ती ओळ खोडून टाकू,' असे म्हणाल. पण गिट प्रत्येक जुनी आवृत्ती जपून ठेवते. खोडलेला पासवर्ड मागच्या पानावर जसाच्या तसा! तेव्हा पासवर्ड एकदा बाहेर गेला, की खोडत बसू नका, सरळ नवा घ्या.

घरच्या घरी सोय म्हणून या किमती 'डॉट एन्व्ह' नावाच्या छोट्या फाइलीत लिहितात. ही फाइल उचलू नकोस, असे गिटला पहिल्याच दिवशी सांगायचे. मैत्रिणीला प्रोग्राम देताना सोबत एक नमुना फाइल द्यायची, त्यात नावे सगळी पण किमती कोऱ्या. तिचे मीठ ती घालील!

एक खोच मात्र आहे. भोवतालातून येणारी किंमत नेहमी अक्षरांच्या रूपात येते. पायथन भाषेत तुम्ही 'चुका दाखव' या नावापुढे 'फॉल्स' लिहिले आणि 'हे खरे की खोटे?' असे सरळ विचारले, तर पायथन म्हणतो, खरे! त्याच्या लेखी तो पाच इंग्रजी अक्षरांचा शब्द. रिकामा नाही, म्हणजे खरा. मग चूक झाली की वेबसाइट आपली आतली गुपिते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत सुटते. शब्द कोणता आहे ते प्रोग्रामने नीट वाचून ठरवावे लागते.

विंडोज असेल, तर आई-बाबांना विचारून कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत 'सेट' एवढेच टाइप करा आणि एंटर दाबा. लांबलचक यादी येईल. तिच्यात 'यूजरनेम' शोधा. समोर कुणाचे नाव दिसते?