आपट्याचं पान आणि सोन्याची तलवार

‘गेम’ हा शब्द काढला की आमच्या रेक्टर सरांच्या कपाळावर आठ्या पडतात आणि तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांचे कान टवकारतात. या लेखाचे वाचक दोन्ही गटांतले असणार याची मला कल्पना आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो, गेम खेळावेत की नाही यावर हा लेख नाही. ते भांडण दर सेमिस्टरला होतं आणि पी.एल. लागली की आपोआप मिटतं. मला बोलायचंय ते गेम बनवण्याबद्दल, आणि त्यातही एका छोट्या कोपऱ्याबद्दल. रोल-प्लेइंग गेममधले साइड क्वेस्ट आणि ते पूर्ण केल्यावर मिळणारी लूट!

ज्यांनी कधी कंट्रोलर हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख. रोल-प्लेइंग गेममध्ये तुम्ही एक पात्र होऊन एका काल्पनिक जगात फिरता. मुख्य कथा असते, म्हणजे राज्य वाचवा, राक्षस मारा वगैरे. पण वाटेत गावं लागतात, माणसं भेटतात आणि ती तुम्हाला कामं सांगतात. कुणाची मुलगी हरवलेली, कुणाच्या विहिरीत भूत. ही कामं केली नाहीत तरी मुख्य कथेचं काही अडत नाही. यांनाच साइड क्वेस्ट म्हणतात. काम झालं की पैसे, शस्त्र, चिलखत असं काहीतरी मिळतं, ती लूट. (हा शब्द इंग्रजीने आपल्याकडूनच, हिंदीतून उचलला, बरं का!)

आता माझं म्हणणं. साइड क्वेस्टचं बक्षीस हे त्या कामाची मजुरी होऊ लागलं की गेम मरतो. बक्षीस हे त्या कामाची आठवण असायला हवं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला कॉम्प्युटरवर नाही, महाभारताच्या वनपर्वात सापडलं. द्यूतात राज्य घालवून बसलेला युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो, माझ्याइतका दुर्दैवी राजा कधी कोणी पाहिलाय का? ऋषी त्याला नल-दमयंतीची गोष्ट सांगतात. मुख्य कथा तिथे थांबते आणि आपण दुसऱ्याच राजाच्या मागे जातो. पण हा राजाही फाशांमध्येच राज्य हरलेला आहे. पुढे नल ऋतुपर्ण राजाला घोड्यांची विद्या देतो आणि बदल्यात फाशांची विद्या, अक्षहृदय, मिळवतो. गोष्ट संपल्यावर बृहदश्व तीच विद्या युधिष्ठिरालाही देतात. आणि अज्ञातवासात हाच युधिष्ठिर कंक या नावाने विराटाच्या दरबारात कोण म्हणून राहतो? फासे खेळण्यात तरबेज माणूस म्हणून! साइड क्वेस्ट नायकाच्या दुखण्याशी जोडलेला, लूट त्याच गोष्टीतून उगवलेली आणि ती पुढे उपयोगाला आलेली. एका गेम डिझायनरने आणखी काय करावं?

आता अगदी दुसऱ्या टोकाचं, किरकोळ वाटणारं उदाहरण घेऊ. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा ‘द विचर ३’ हा गेम २०१५ साली आला. त्यात सुरुवातीलाच एक म्हातारी भेटते. तिची तक्रार काय, तर एका अनोळखी माणसाने तिचा तवा उसना नेला, तो परत केला नाही आणि आता झोपडीचं दार बंद आहे. आपण राक्षस मारणारे नामांकित शिकारी, आणि काम काय तर तवा आणून द्या! आत गेल्यावर प्रेत सापडतं, जळके कागद सापडतात आणि तवा चकचकीत घासलेला दिसतो. मग लक्षात येतं की तव्याची काजळी खरवडून कुणीतरी शाई केली होती. बाहेर युद्ध चालू आहे आणि इथे गुपचूप पत्रं लिहिली जात होती. बक्षीस अगदीच किरकोळ. पण हा गेम खेळलेल्या कुणालाही विचारा. कितव्या लेव्हलला कोणती तलवार मिळाली ते त्याला आठवणार नाही, तवा मात्र नक्की आठवेल.

याउलट आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा दुसरा प्रकार म्हणजे ‘दहा लांडगे मारून या’. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये अशी कामं कॉम्प्युटर स्वतःच जुळवत असे. साचा एकच, फक्त गुहेचं आणि माणसाचं नाव बदलायचं. कामं कधी संपतच नाहीत. त्याच कंपनीच्या ‘फॉलआउट ४’मध्ये (२०१५) प्रेस्टन गार्वी नावाचं एक पात्र आहे. तुम्ही एक वस्ती वाचवून आलात की हा लगेच सांगणार, आणखी एका वस्तीला तुमची मदत हवी आहे. बिचारा जगभर चेष्टेचा विषय झाला. खरं तर त्याचा दोष नाही. हाताने लिहिलेल्या एका क्वेस्टला लेखक लागतो, आवाज देणारे लागतात, टेस्टिंगला माणसं लागतात. साच्यातले शंभर क्वेस्ट त्यामानाने स्वस्तात पडतात आणि ‘शंभर तासांचा गेम’ असं खोक्यावर छापता येतं. पण ते तास भरतं कोण? आपणच!

मग असले लांडगे आपण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत का मारतो? लुटीसाठी. २००० सालच्या ‘डायब्लो २’मध्ये राक्षस पडला की जमिनीवर वस्तू सांडायच्या आणि प्रत्येकीच्या नावाचा रंग वेगळा. साधी पांढरी, जादूची निळी, दुर्मीळ पिवळी, एकमेवाद्वितीय सोनेरी. पुढच्या राक्षसाकडून काय पडेल हे सांगता येत नाही, म्हणूनच ‘अजून एक’ म्हणत हात चालू राहतो. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबूतर चोच मारायचं थांबत नाही, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने केव्हाच दाखवलं होतं. तरीसुद्धा मी या प्रकाराला सरसकट नावं ठेवणार नाही. राक्षस पडला, सोनेरी अक्षरं दिसली आणि अख्खी खोली ओरडली, यातही एक निर्मळ मजा आहे.

घोटाळा कुठे होतो ते याच मालिकेतल्या पुढच्या गेमने दाखवलं. ‘डायब्लो ३’ २०१२ च्या मे महिन्यात आला. त्यात खेळाडूंनी एकमेकांना वस्तू विकण्यासाठी लिलावघर होतं आणि लवकरच खऱ्या पैशांचा लिलावही सुरू झाला. वरवर पाहता सोय उत्तम. पण झालं असं, की राक्षस मारून चांगली तलवार मिळण्यापेक्षा बाजारातून ती विकत घेणं सोपं झालं. मग राक्षस मारायचे कशाला? अखेर १८ मार्च २०१४ ला कंपनीने दोन्ही लिलावघरं बंद केली. त्याआधी लुटीची पद्धतही बदलली. वस्तू कमी पडतील, पण जास्त करून तुमच्या पात्राला उपयोगी पडतील अशा. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीलाही हे कबूल करावं लागलं की सापडलेली वस्तू आणि विकत घेतलेली वस्तू, आकडे तेच असले तरी, एक नसतात.

स्टाफरूममधल्या वाचकांनी इथे जरा लक्ष द्यावं ही विनंती. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन संशोधकांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी रंग पुन्हा मांडून ठेवले, तेव्हा ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. जी गोष्ट मजेची होती ती मजुरीची झाली. टर्मवर्कच्या मार्कांसाठी रात्रभर जागून दुसऱ्याचं जर्नल उतरवणं हा आपल्या कॉलेजातला ‘दहा लांडगे मारून या’च आहे, असं मी म्हटलं तर सर रागावणार नाहीत अशी आशा आहे.

या साच्याचं सगळ्यात वाईट रूप म्हणजे पैसे देऊन उघडायच्या बंद पेट्या, लूट बॉक्स. २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार नियामकांनी काही गेममधल्या अशा पेट्यांना सरळ जुगार ठरवलं. आमच्या विंगमधल्या एका मित्राने मेसच्या ॲडव्हान्सचे पैसे एका मोबाइल गेमच्या पेट्यांत घातले आणि महिनाभर वडापाववर काढला. काय मिळालं विचारलं तर म्हणाला, “एक टोपी. तीही दुसऱ्याच पात्राची.” आम्ही हसलो खरे, पण त्या पेटीमागे क्वेस्ट नव्हता, गोष्ट नव्हती, म्हातारी नव्हती, तवाही नव्हता. होतं फक्त ते कबूतर.

“म्हणजे लूटच नको का?” असं मित्र विचारतात. हवी ना! पण २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ची गंमत पाहा. त्या जगात दगडांखाली, झाडांच्या शेंड्यांवर ९०० बिया दडवलेल्या आहेत. सामानाची जागा पूर्ण वाढवायला ४४१ पुरतात. हट्टाने सगळ्या ९०० जमवल्या तर बक्षीस काय? सोनेरी रंगाची, शेणाच्या पोसारखी दिसणारी एक वस्तू! बनवणाऱ्यांनी जणू सांगितलं, बाबा रे, तू डोंगर चढलास, वरून दरी पाहिलीस, तेच बक्षीस होतं. मोजत कशाला बसलास?

फायनल इयरच्या प्रोजेक्टला गेम घ्यायचं म्हणणाऱ्या ज्युनिअर मंडळींना म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. शंभर नको, पाचच क्वेस्ट करा. काम सांगणाऱ्याला नाव द्या आणि कारण द्या. बक्षीस त्याच माणसाच्या घरातून, त्याच्या गोष्टीतून येऊ द्या. काम केल्यावर गावात काहीतरी बदललेलं दिसू द्या, निदान त्या म्हातारीच्या चुलीतून धूर तरी निघू द्या. आणि शेवटी एक परीक्षा घ्या. बक्षीस काढून टाकलं तर हा क्वेस्ट कुणी खेळेल का? उत्तर ‘नाही’ आलं, तर सोन्याची तलवार ठेवूनही तो सुधारणार नाही.

दसऱ्याला आपण सोनं लुटतो. बाजारात त्या आपट्याच्या पानाला कुणी दमडी देणार नाही. पण ते कुणी दिलं, कुणाच्या पाया पडल्यावर मिळालं, हे आपल्याला पक्कं आठवतं. लूट असावी तर अशी!

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)