विश्लेषण : परवान्याची बंदूक घरच्या घरी 'सुधारता' येते का?

परदेशात नवी रायफल विकत घेऊन तिचा चाप हलका करणे, दस्ता बदलणे, नेम धरण्याची दुर्बीण बसवणे हा अनेकांचा छंद आहे. त्याच्या चित्रफिती आता जळगाव-धुळ्यातही मोबाइलवर पाहिल्या जातात. त्यातच केळी, मका आणि भुईमुगात घुसणाऱ्या रानडुकरांनी आणि रोह्यांनी शेतकरी हैराण आहेत. त्यामुळे ज्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्याला ती 'थोडी सुधारावी' असे वाटू शकते, आणि ज्याच्याकडे ती नाही त्याला सातपुड्यापलीकडचा गावठी कट्टा खुणावतो. या दोन्ही वाटांवर कायदा नेमका काय म्हणतो?

लिव्हर अ‍ॅक्शन रायफल म्हणजे काय?

चापाभोवतीच्या कडीलाच जोडलेला दांडा खाली-वर करून वापरलेले काडतूस बाहेर टाकणारी आणि नवे आत घेणारी ही रायफल आहे. अमेरिकेतील विंचेस्टर कंपनीच्या १८७३ आणि १८९४ च्या नमुन्यांनी ती जगभर पोहोचवली, पुढे 'काऊबॉय' चित्रपटांनी तिला प्रसिद्धी दिली. अमेरिकेत आजही ती हरणाच्या शिकारीसाठी विकली जाते आणि मालक घरीच तिच्यात फेरफार करतात. भारतात नागरिकांसाठी सरकारी कारखान्यात तयार होणारी परिचित रायफल म्हणजे .३१५ बोअरची, बोल्ट मागे ओढून भरायची. सामान्य परवानाधारकाला परदेशातून रायफल मागवता येत नाही. ती सवलत मुख्यतः नामांकित नेमबाजांना आहे. खानदेशात शेतीच्या राखणीसाठी दिसते ती बारा बोअरची किंवा ठासणीची बंदूक.

घरी बदल करण्यास कायद्याची हरकत काय?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदूक तयार करणे, विकणे, तिचे रूपांतर करणे, तिची दुरुस्ती करणे आणि तिची चाचणी घेणे याला मनाई आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि ती दुरुस्त करण्याचा परवाना वेगळा. पहिला हातात असला म्हणून दुसरा मिळत नाही. नळी साफ करणे, तेल लावणे, कोरड्या जागी कुलपात ठेवणे ही निगा झाली. चाप, घोडा किंवा नळीला कानस लावणे ही निगा नव्हे. ते काम परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याचेच.

कलम ६ आणखी स्पष्ट आहे. नळी आखूड करणे, नकली बंदुकीची खरी बंदूक करणे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र नियम, २०१६ मधील एका वर्गाचे शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलणे यालाही परवाना लागतो. कलम ५ किंवा ६ चा भंग झाला तर किमान सात वर्षे कैद आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. विनापरवाना बंदूक नुसती बाळगण्याला दोन ते पाच वर्षांची कैद आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत शस्त्र घडवणारा किंवा बदलणारा हात ते बाळगणाऱ्यापेक्षा अधिक धोकादायक आहे. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतील असा बदल केला, तर ते 'प्रतिबंधित शस्त्र' ठरते. असे शस्त्र बनवल्यास शिक्षेची सुरुवातच दहा वर्षांपासून होते.

सुटे भाग मागवले तर?

इथे अनेक जण फसतात. कायद्यातील 'अग्निशस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रेही येतात. गोळीचा आवाज किंवा ज्वाळा कमी करणारे साधनही अग्निशस्त्रच मानले जाते. ते पार्सलने घरी आले तरी विनापरवाना शस्त्र घेतल्याचा प्रश्न उभा राहतो. बंदूक चकचकीत करण्याच्या नादात तिच्यावरचा क्रमांक घासला गेला तरी अडचण आहे. कलम ८ नुसार क्रमांक किंवा खूण पुसलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल, त्यानेच ती पुसली असे गृहीत धरले जाते. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर.

छऱ्याची बंदूक तरी चालते ना?

मुलांच्या हाती दिली जाणारी एअरगन हे याचे सर्वांत नेहमीचे उदाहरण. बोअर .१७७ पेक्षा मोठा नसेल आणि छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर तिला परवाना लागत नाही. पण जास्त ताकदीची स्प्रिंग बसवून ही मर्यादा ओलांडली, की तीच एअरगन परवान्याच्या वर्गात जाते. विकत आणली तेव्हा कायदेशीर असलेली वस्तू घरातल्या एका दुपारच्या उद्योगाने बेकायदा होते. शिवाय तिने ससा किंवा तितर टिपला तर तीही शिकारच.

शेतकऱ्याला राखणीसाठी बंदूक मिळतच नाही का?

मिळते. कलम १३ मध्ये पिकांच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटले, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. रायफलीचा मार्ग यात नाही.

मात्र खानदेशात आणखी एक अट आडवी येते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते. जळगाव जिल्ह्यात यावल अभयारण्य आहे, चाळीसगावच्या बाजूला गौताळा औट्रमघाट आणि शिरपूर तालुक्यात अनेर धरण अभयारण्य. म्हणजे जंगलाला लागून असलेल्या आणि नुकसानीची सर्वाधिक भीती असलेल्या शेतकऱ्यालाच परवान्याची वाट सर्वांत लांबची पडते.

परवाना असला तर रानडुक्कर मारता येते?

नाही. बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ नुसार लेखी परवानगी देता येते. महाराष्ट्रात या दोन प्राण्यांच्या बाबतीत तो अधिकार क्षेत्रीय वनाधिकाऱ्यांकडे सोपवण्यात आला आहे. परवानगीने मारलेले जनावरही सरकारी मालमत्ता असते, त्याचे मटण वाटून घेता येत नाही.

परवानगीविना मारल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अभयारण्याच्या आत शिकार केली तर किमान तीन वर्षांची कैद आहे. जप्त केलेले हत्यार सरकारजमा होते. न्यायालय शस्त्रपरवाना रद्द करून पाच वर्षे नवा परवाना न देण्याचा आदेशही देऊ शकते. एका रात्रीच्या रागापायी राखणीचे कायदेशीर साधनही हातचे जाते.

उमर्टीचा संबंध काय?

चोपडा तालुक्याच्या सीमेवर, मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यातले उमर्टी हे गावठी कट्ट्यांसाठी वारंवार बातम्यांत येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आरोपीला पकडण्यासाठी गेलेल्या जळगाव जिल्ह्यातील पोलीस पथकावर तिथे हल्ला झाला आणि एका पोलिसाला पळवून नेण्यात आले. काही तासांनी त्याची सुटका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांनी तिथे जाऊन शस्त्रे बनवण्याच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या, कारण शहरातील गुन्ह्यांत सापडणाऱ्या पिस्तुलांचा माग तिथपर्यंत जात होता.

या धंद्यात शिकलीगर समाजाचे नाव घेतले जाते. हा मूळचा शस्त्रांना धार लावणारा, ती घडवणारा कारागीर समाज. पिढीजात हुन्नराला कायदेशीर काम मिळाले नाही की तो कुठे वळतो, याचे हे उदाहरण आहे. म्हणून एका समाजाला सरसकट गुन्हेगार ठरवणे चूक, तसेच भट्टी मोडली की प्रश्न संपला असे मानणेही चूक. आणि कट्टा घेणाऱ्यालाही धोका आहेच. त्याची ना चाचणी झालेली असते, ना क्रमांक असतो. नळी फुटली तर पहिली इजा चाप ओढणाऱ्याच्याच हाताला होते.

मग मार्ग कोणता?

परवानाधारकासाठी उत्तर सोपे आहे. निगा घरी, दुरुस्ती परवानाधारकाकडे, आणि काही बदल करायचा असेल तर आधी परवाना देणाऱ्या कार्यालयाची लेखी परवानगी. २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची असते, हेही लक्षात ठेवावे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणे हाही आता स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

शेतकऱ्यासाठी उत्तर इतके सोपे नाही. नुकसान दिसताच वन विभागाला कळवून पंचनामा करून घेणे हा त्याचा हक्क आहे. पण पंचनामा वेळेवर झाला नाही, भरपाई हंगाम उलटल्यावर आली आणि मारण्याच्या परवानगीचा अर्ज कार्यालयातच पडून राहिला, तर कायद्याची वाट कागदावरच राहते. शस्त्र कायद्याची कठोरता योग्यच आहे. ती लोकांना पटायची तर त्याच तत्परतेने भरपाई आणि परवानगीचे कागदही हलले पाहिजेत. नाहीतर शेताच्या बांधावरून कट्ट्याकडे जाणारी वाट पोलीस बंदोबस्ताने बुजणार नाही.