फवारणीच्या सल्ल्यामागील गणित उघड असावे

भाताच्या फुटव्यांच्या अवस्थेत खोडकिड्यामुळे गाभेमर ५ टक्क्यांवर पोहोचली की फवारणीचा सल्ला दिला जातो. ही टक्केवारी कशी काढली, हे मात्र शेतकऱ्यास दिसत नाही. नोंदी लिनक्सवर साध्या मजकूर-फाइलीत ठेवल्यास ‘ग्रेप’ हा आदेश हव्या त्या गावाच्या ओळी निवडतो, ‘सॉर्ट’ त्या क्रमाने लावतो, ‘ऑक’ टक्केवारी काढतो. हेच आदेश एका फाइलीत लिहिले की शेल स्क्रिप्ट तयार होते. मूळ नोंद अबाधित राहते आणि रायपूरचे गणित गोंदियातही जसेच्या तसे पडताळता येते. लिनक्स विनामूल्य असून जुन्या संगणकावरही चालते. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात या आदेशांना स्थान मिळावे. ज्या आकड्यावर शेतकऱ्याचा पैसा खर्च होतो, तो तपासण्याचा अधिकारही त्याचाच आहे.