आकाशातून परतलेली मालमत्ता कोणाची?

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या रात्री, विदर्भाच्या आकाशातून जळत जाणारी एक लांबलचक रेघ हजारो लोकांनी पाहिली. त्याच सुमारास चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे एक भलेमोठे कडे मोकळ्या जागेत येऊन पडले. परिसरात धातूचा गोळाही सापडला. हे अवशेष चिनी अग्निबाणाचे असावेत असे जाणकारांचे मत पडले. पोलीस आले, कडे ठाण्यात गेले, ‘इस्रो’चे शास्त्रज्ञ पाहणी करून गेले आणि प्रकरण वर्तमानपत्रांपुरते मिटले. परंतु त्या गावच्या शाळेतील मुलांच्या दृष्टीने ते मिटलेले नाही. अंतराळातून आलेली वस्तू इतक्या जवळून पाहण्याचा योग त्यांना आला तो केवळ अपघाताने. जे अपघाताने दारात आले ते रीतसर, सन्मानाने आणि शिकवण्यासाठी दारात का येऊ नये, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर अशा वस्तूच्या मालकीबद्दल संदिग्धता नाही. १९६७ च्या अंतराळविषयक आंतरराष्ट्रीय करारानुसार यान अवकाशात असो वा पृथ्वीवर परतलेले असो, त्यावरची मालकी बदलत नाही. आणि १९६८ च्या करारानुसार प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्राने मागणी केल्यास सापडलेली वस्तू त्याला परत करावी लागते. म्हणजे मालकी राष्ट्राची. परंतु राष्ट्र म्हणजे एखादे सरकारी खाते नव्हे, की एखाद्या संस्थेचे कुलूपबंद कोठार नव्हे. ज्यांच्या कराच्या पैशातून यान उभे राहिले ती माणसे म्हणजे राष्ट्र. यानाचे काम संपले म्हणजे त्या माणसांचा हक्क संपत नाही. किंबहुना तेव्हाच तो प्रत्यक्षात आणण्याची वेळ येते.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव दोन्ही अंगांनी उद्बोधक आहे. त्या देशाच्या ‘स्पेस शटल’ यानांनी १९८१ ते २०११ या काळात १३५ उड्डाणे केली. हा कार्यक्रम आवरता घेताना उरलेल्या हजारो वस्तूंचे काय करायचे हा प्रश्न ‘नासा’पुढे आला. त्यावर निघालेला एक तोडगा अत्यंत साधा होता. यान वातावरणात परतताना त्याचे उष्णतेपासून रक्षण करणाऱ्या फरशा शाळांना व विद्यापीठांना देण्याची योजना २०१० च्या डिसेंबरात जाहीर झाली. शाळेने भरायचे ते फक्त पाठवणावळीचे २३ डॉलर ४० सेंट. अशा सुमारे २४,००० फरशा एकेका यानाला जोडलेल्या असत. वाळूत जे सिलिका असते त्याच्याच अतिशुद्ध तंतूंची ही फरशी हातात घेतली तर पोकळ वाटावी इतकी हलकी. कारण तिचा बहुतेक भाग हवाच असते. भट्टीतून लाल होऊन निघालेली अशी फरशी थोड्याच क्षणांत कडेला धरून उचलता येते. उष्णतेचे वहन म्हणजे काय, हे फळ्यावरच्या दहा व्याख्यांनी जे समजत नाही ते या एका तुकड्याने समजते.

चंद्रावरील दगडमातीबाबतही असाच मार्ग काढण्यात आला. तीन खडकांचे आणि तीन मातीचे नमुने पारदर्शक प्लॅस्टिकच्या चकतीत बंद करून प्रशिक्षित शिक्षकांच्या जबाबदारीवर शाळांना उसने देण्यात आले. चकती कुलपात ठेवायची, वर्गात दाखवायची, मुदतीत परत करायची. त्याआधी, १९७० व ७१ साली, चंद्रावर प्रथम माणसे नेणाऱ्या अपोलो ११ मोहिमेची कुपी राज्याराज्यांच्या राजधान्यांतून फिरविण्यात आली होती. अपोलो १० ची कुपी तर लंडनच्या विज्ञान संग्रहालयात उसनी म्हणूनच आहे. जतन आणि दर्शन यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही, हे या उदाहरणांवरून दिसते.

परंतु त्याच देशात दुसरे चित्रही दिसले. प्रत्यक्ष यानांची वाटणी करताना ती सज्ज करून पोचविण्याच्या खर्चापोटी संग्रहालयांनी प्रत्येकी २ कोटी ८८ लाख डॉलर उभे करावेत, असे ‘नासा’ने २०१० साली सांगितले. १२ एप्रिल २०११ रोजी निवड जाहीर झाली, तेव्हा वॉशिंग्टनचा परिसर, फ्लॉरिडा, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क यांना याने मिळाली. उड्डाणांचे नियंत्रण जेथून होत असे त्या ह्यूस्टनला एकही यान मिळाले नाही. न्यूयॉर्कच्या वाट्याला ‘एंटरप्राइज’ हे अवकाशात कधीही न गेलेले चाचणीयान आले. या असंतोषाचे पर्यवसान असे, की २०२५ साली एक अवकाशयान ह्यूस्टनला हलविण्यासाठी साडेआठ कोटी डॉलरची तरतूद कायद्याने करण्यात आली. टेक्सासच्या सिनेटरांची नजर स्मिथसोनियन संस्थेकडील ‘डिस्कव्हरी’वर होती, ते यान आपल्या मालकीचे आहे, असे त्या संस्थेचे म्हणणे. लोकशिक्षणाचे साधन एकदा प्रतिष्ठेचे निशाण झाले, की त्यावर राजकीय बोली लागते. तेवीस डॉलरची फरशी शाळेत गेली याचा कोठे तंटा झाला नाही. तंटा झाला तो भव्यतेसाठी.

आणखी एक उदाहरण भारतीयांच्या काळजाला भिडणारे आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ यान परतीच्या वाटेवर फुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. १९८६ मध्ये नष्ट झालेल्या ‘चॅलेंजर’चे अवशेष फ्लॉरिडातील जुन्या क्षेपणास्त्रकोठ्यांत बंद करून ठेवण्यात आले होते. ‘कोलंबिया’बाबत तसे घडले नाही. तिचे ८० हजारांहून अधिक तुकडे गोळा करून जपण्यात आले आणि संशोधकांना व विद्यापीठांना अभ्यासासाठी ते उसने देण्यात आले. अपयश पुरून न टाकता विद्यार्थ्यांच्या हाती देणे याला मनाचा मोठेपणा लागतो. यशाची प्रतिकृती कोणीही मांडील. अपयशाचा जळका तुकडा मांडणारी संस्थाच खऱ्या अर्थाने विज्ञाननिष्ठ म्हणावी लागेल.

आता आपल्याकडे वळू. भारताचे बहुतेक उपग्रह परत येत नाहीत हे खरे. तरीही जे परतले ते थोडे नाही. जानेवारी २००७ मध्ये बारा दिवस पृथ्वीभोवती फिरून बंगालच्या उपसागरात उतरलेली पुनःप्राप्ती कुपी, १८ डिसेंबर २०१४ च्या उड्डाणानंतर अंदमानच्या समुद्रातून काढलेली मानवी कुपीची चाचणीप्रत, २१ ऑक्टोबर २०२३ च्या गगनयान चाचणीनंतर नौदलाने बाहेर आणलेली कुपी, ही ठळक उदाहरणे. यांखेरीज जमिनीवरील चाचण्यांसाठी घडविलेले भाग, तपासून बाजूला ठेवलेली नळकांडी, झडपा, हवाई छत्र्या हे सारे वेगळेच. राकेश शर्मा यांच्या १९८४ च्या मोहिमेतील सोयुझ कुपी दिल्लीच्या नेहरू तारांगणात पाहता येते. पण गडचिरोलीच्या आश्रमशाळेतील मुलीला दिल्ली किती दूर आहे, याचा हिशोब कोणी करायचा?

ज्या थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी देशातील पहिला अग्निबाण उडाला, तेथील मच्छीमार वस्तीने त्यासाठी आपले चर्च व घरेदारे सोडली होती. भारतीय अंतराळ संशोधनाचा पायाच सामान्य माणसांच्या त्यागावर रचलेला आहे. ते ऋण फेडण्याचा एक मार्ग असा, की वापरातून निवृत्त झालेल्या व धोका नसलेल्या वस्तूंची सूची प्रसिद्ध व्हावी. कोणतीही जिल्हा परिषद शाळा, तंत्रनिकेतन, ग्रंथालय वा विज्ञान केंद्र यांना त्या ठरावीक मुदतीसाठी मागता याव्यात. वाहतुकीचा व विम्याचा भार शासनाने उचलावा. आणि वस्तूबरोबर तिची माहिती मराठीत व अन्य भारतीय भाषांत यावी. त्या माहितीत वैज्ञानिकांबरोबर जोडारी, वेल्डर आणि कातारी यांच्या कामाचाही उल्लेख असावा. फिरती विज्ञान प्रदर्शने या देशात १९६५ पासून चालू आहेत. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, नागपूरचे रमण विज्ञान केंद्र, पणजीचे गोवा विज्ञान केंद्र उभे आहे. यंत्रणा नव्याने उभारण्याची गरज नाही; तिला खऱ्या वस्तू पुरविण्याची गरज आहे.

यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला गुप्ततेचा. अग्निबाणाचे तंत्र क्षेपणास्त्राच्या जवळचे आहे, त्यामुळे काही भाग उघडे करता येणार नाहीत, हे मान्यच केले पाहिजे. परंतु समुद्रातून काढलेल्या कुपीचे करपलेले आवरण पाहून कोणी शत्रू शहाणा होत नाही. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. काही इंधने विषारी असतात, म्हणून वस्तू तपासून व शुद्ध करूनच बाहेर गेली पाहिजे. ते काम तज्ज्ञांचे आहे आणि ते त्यांना येते. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो आपल्याच बाजूने येतो: जेथे प्रयोगशाळा नाही, शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, तेथे यानाचा तुकडा मिरवून काय साधणार?

या आक्षेपात तथ्य आहे. उसनी वस्तू ही प्रयोगशाळेची जागा घेऊ शकत नाही आणि ती घेते असे कोणी सांगू लागला तर त्याला विरोधच केला पाहिजे. पण गरिबाच्या मुलाला आधी फक्त जरुरीचे द्यावे, विस्मयाची चैन त्याला परवडत नाही, ही विचारसरणीही विषमतेचीच दुसरी बाजू आहे. खरी वस्तू पाहिलेला विद्यार्थी प्रश्न विचारतो. आणि प्रश्न विचारणारा विद्यार्थी उद्या आपल्या शाळेत प्रयोगशाळा का नाही, हेही विचारील. चंद्रावरचे नमुने अपोलोच्या काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अभ्यासासाठी आले होते. त्या सन्मानाचा अभिमान सर्वांना वाटतो. त्याचा स्पर्श मात्र मूठभरांना झाला.

वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे १९७६ पासून राज्यघटनेत नागरिकाचे कर्तव्य म्हणून नोंदले आहे. कर्तव्य नागरिकाचे आणि साधने मात्र कोठारात, हा न्याय नव्हे. म्हणून कार्यकर्त्यांनी हा विषय शिक्षक संघटनांत, पालक सभांत, जिल्हा परिषदेच्या सदस्यांपुढे मांडावा. ग्रामसभेने ठराव करून वस्तू मागावी, नकार आला तर कारण लेखी मागावे. लाडबोरीच्या आकाशातून पुन्हा काही पडेल याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. जे आपले आहे ते अर्ज करून मागता येते. आणि पाहून, शिकून झाल्यावर शेजारच्या गावाला पाठवता येते.