हुगळीतील हिलसा : आवक वाढली, मासा परतला का?

कोलकाता : पावसाळ्यात गरियाहाट आणि माणिकतला येथील मासळीबाजारांत हिलसाची आवक वाढली, की हा मासा हुगळीत परतल्याची चर्चा सुरू होते. मात्र आवक हा पुनरागमनाचा भरवशाचा पुरावा नव्हे. बाजारातील बराचसा मासा ट्रॉलरनी समुद्रातून, म्हणजे नदीत शिरण्यापूर्वीच, पकडलेला असतो.

सॅमनप्रमाणे हिलसाही समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत शिरतो. एके काळी तो गंगेतून अलाहाबादच्याही पुढे जात असे. १९७५ मध्ये फराक्का बंधारा कार्यान्वित झाला आणि ही वाट खुंटली. कोलकाता बंदरातील गाळ हटविण्यासाठी हा बंधारा बांधण्यात आला होता. त्याची किंमत बिहार आणि उत्तर प्रदेशातील मच्छीमारांनी मोजली.

बंधाऱ्याच्या खालच्या भागात नियमांची उणीव नाही. पश्चिम बंगालमध्ये २३ सेंटिमीटरपेक्षा लहान हिलसा पकडण्यास व विकण्यास मनाई आहे. ९० मिलिमीटरपेक्षा बारीक आसाच्या जाळ्यांवरही बंदी आहे. २०१३ मध्ये नदीचे काही पट्टे हिलसासाठी राखीव करण्यात आले. तरीही 'खोका इलिश' या लाडिक नावाने कोवळी पिल्ले विकली जातातच. एकदाही अंडी न घातलेला मासा ताटात येत असेल, तर पुढील हंगामाची आशा कशाच्या बळावर धरायची?

बांगलादेशानेही लहान हिलसाच्या मासेमारीवर बंदी घातली. परंतु बंदीच्या काळात मच्छीमार कुटुंबांना तांदूळ देण्याची व्यवस्थाही केली. २००२-०३ मध्ये सुमारे दोन लाख टन असलेले तेथील उत्पादन २०१७-१८ मध्ये पाच लाख टनांवर गेले. पश्चिम बंगालने सागरी मच्छीमारांसाठी बंदीच्या दोन महिन्यांत दरमहा ५,००० रुपयांच्या साहाय्याची घोषणा केली ती २०२४ मध्ये. चूल बंद ठेवून कायदा पाळण्याची अपेक्षा तोवर होतीच.

फराक्का येथील नव्या नौकानयन लॉकची दारे विणीच्या हंगामात रात्री १ ते ५ या वेळेत आठ मीटर उघडी ठेवून हिलसाला वाट देण्याची योजना केंद्राने २०१९ मध्ये जाहीर केली. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने बंधाऱ्याच्या वरच्या बाजूस हिलसा सोडले असून, त्यांपैकी काहींना खुणेच्या चकत्याही लावल्या आहेत. माणसाने उचलून पलीकडे सोडलेला मासा ही पुनरुज्जीवनाची सुरुवात ठरू शकते; पण बंधारा स्वतः ओलांडून आलेली, अंड्यांनी भरलेली मादी वरच्या पात्रात वर्षानुवर्षे आढळू लागेल, तेव्हाच हिलसा परतला असे म्हणता येईल.